महिंद्रा सीजे-३बी: स्टेअरिंगचा प्ले काढताना ठेवलेल्या नोंदी

गाडी महिंद्रा सीजे-३बी, उजव्या हाताचं स्टेअरिंग, पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल बसलेलं. टायर ६.००-१६. स्टेअरिंगची रचना जुन्या विलीज जीपचीच: रॉस पद्धतीचा कॅम-लिव्हर बॉक्स (व्हीलबरोबर वर्म शाफ्टवरचा खाचेचा कॅम फिरतो, खाचेतल्या पिना लिव्हर शाफ्ट फिरवतात), त्याखाली ड्रॉप आर्म (लिव्हर शाफ्टवर बसलेला दांडा), तिथून ड्रॅग लिंक (ओढणारा-ढकलणारा रॉड), पुढच्या क्रॉस मेंबरवर बेलक्रँक (पिनेवर फिरून तो जोर चाकांकडे वळवणारा आर्म) आणि बेलक्रँकपासून दोन्ही चाकांना दोन वेगळे टायरॉड. तक्रारी दोन. सरळ रस्त्यावर गाडी सतत सावरत राहावी लागते. ताशी ४५ च्या पुढे-मागे एखादा खड्डा लागला की पुढची चाकं थरथरायला लागतात आणि वेग उतरवल्याशिवाय थांबत नाहीत.

लेथचं काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, हीट ट्रीटमेंट शिरोली एमआयडीसीत. गाडीची मूळ मापं इंचात असल्यामुळे थाऊ आणि मिलिमीटर दोन्ही येतील. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण ०.०२५ मिमी.

११ जानेवारी

काहीही न खोलता तपासणी. गाडी चाकांवर उभी, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग व्हील थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली पडून एकेका जॉइंटला हात लावून बघायचं. जॅकवर उचलून हे करू नये. चाकावर भार नसला की ढिले जॉइंटसुद्धा गुमान एकत्र फिरतात आणि काही कळत नाही.

व्हीलच्या कडेला मोजलेला प्ले, म्हणजे चाकं न वळता व्हील जेवढं नुसतं फिरतं ते, सुमारे ३ इंच. तो कुठे कुठे वाटला गेलाय ते असं: बॉक्सचा इनपुट फिरतो आणि ड्रॉप आर्म हलत नाही, असा भाग व्हीलवर जवळजवळ १ इंच. ड्रॅग लिंकचं पुढचं टोक खटखट वाजतं. बेलक्रँक आडवा फिरण्याऐवजी आधी वर-खाली डुलतो, टोकाशी अडीच मिमी. चारपैकी दोन टायरॉड एंड ढिले.

मग पुढचं एकेक चाक उचलून वरून-खालून धरून हलवलं. उजवं चाक हलतं. ब्रेक दाबून पुन्हा हलवलं, तरी हलतंच. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं असतं तर दोष व्हील बेअरिंगचा. थांबलं नाही म्हणजे किंगपिनचा (चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं तिचा). ही तपासणी फुकटात होते, पण बहुतेक जण ती टाळून थेट हब खोलतात.

बॉक्सच्या साइड कव्हरवरचा अॅडजस्टिंग स्क्रू पूर्ण आत गेलेला. याआधी कुणीतरी सगळा प्ले तिथेच काढायचा प्रयत्न केलेला दिसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तीन इंचांतला दोन इंच प्ले बॉक्सच्या बाहेर आहे, आणि बॉक्सचा स्क्रू कितीही आवळला तरी तो जाणार नाही.

१२ जानेवारी

सगळं काढलं. स्टेअरिंग व्हीलला आणि ड्रॉप आर्मला पुलर लागतोच. ड्रॉप आर्मवर थेट घण घातला तर मार लिव्हर शाफ्टमधून आतल्या पिनांवर आणि कव्हरवर जातो. पुलर ताणून ठेवायचा आणि आर्मच्या डोळ्यावर बाजूने हातोडीचा एक टोला द्यायचा. गॅसने तापवू नये. काढण्याआधी आर्म आणि शाफ्टवर छन्नीने खूण करायची.

टायरॉड एंड काढताना नट टोकाच्या बरोबरीला आणला आणि आर्मच्या डोळ्यावर समोरासमोर दोन हातोड्या एकाच वेळी मारल्या. टेपर सुटतो, रबराला धक्का लागत नाही. दातेरी फाळ घालून उचकटलं तर एंड सुटतो, पण रबर फाटतं. एंड पुन्हा वापरायचा असेल तर फाळ नको.

उजवा मडगार्ड सोडवला तेव्हा कुठे बॉक्स बाहेर यायला जागा मिळाली. हॉर्नची वायर आधी सोडवायला विसरू नका, ओढली की तुटते.

बॉक्स निघाल्यावर चेसिसवरची जागा वायर ब्रशने घासली. ब्रॅकेटच्या खालच्या बोल्टापासून निघालेली सुमारे ४ सेंमीची चीर दिसली. चिखल आणि ग्रीसच्या थराखाली ती दिसत नव्हती. स्टेअरिंग फिरवताना ब्रॅकेट श्वास घेतल्यासारखा हलतो अशी शंका होती, त्याचं कारण हेच. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडलं म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने व्ही करून वेल्डिंग, सपाट घासून वरून ५ मिमीची पट्टी. पट्टीची टोकं गोल ठेवली आणि चेसिसच्या कडांवर आडवं वेल्डिंग टाळलं. कडेवर आडवा मणी पडला की पुढची चीर तिथूनच सुरू होते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटर सोडवला होता.

१८ जानेवारी

बॉक्स खोलला. आत तेलाऐवजी काळंकुट्ट ग्रीस. सील गळतं म्हणून तेलाऐवजी ग्रीस ठासायची पद्धत सर्रास आहे आणि बॉक्स त्यामुळेच मरतो. कॅम फिरताना ग्रीस बाजूला सारतो आणि ते परत येत नाही. पिना आणि वरचं बेअरिंग कोरडे चालत राहतात.

लिव्हरवरच्या दोन्ही निमुळत्या पिनांना एका बाजूने सपाट चट्टे पडलेले. कॅमची खाच मधोमध झिजलेली, टोकांकडे जवळजवळ नवी. हा बॉक्स मुद्दाम असा घडवलेला असतो की सरळ स्थितीत पिन आणि खाच सगळ्यांत जवळ असतात आणि दोन्हीकडे वळवल्यावर थोडी मोकळीक मिळते. गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच चालते, म्हणून झीज मधे. आता मधला प्ले घालवायला स्क्रू आवळला की मधे बरोबर बसतं आणि वळणावर अडकतं. व्हील वळणातून आपोआप परत येत नाही, हाताने आणावं लागतं.

कॅमचा खड्डा नखाला लागत होता पण पोपडे निघालेले नव्हते, म्हणून वर्म शाफ्ट ठेवला. लिव्हर शाफ्ट नवा. पोपडे असते तर दोन्ही बदलले असते. झिजलेल्या खाचेत नव्या पिना महिन्याभरात चट्टे धरतात.

शाफ्टचं मूळ माप ७/८ इंच, म्हणजे २२.२२ मिमी. जुना शाफ्ट बुशाच्या (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीच्या) जागी २२.०४. नवा चार ठिकाणी मोजला, सगळीकडे २२.२० ते २२.२१. हे दुकानातच मोजून घ्यावं. मायक्रोमीटर खिशात नेला तर दुकानदार तोंड वाकडं करतो, पण दोन नग बाजूला ठेवून तिसरा चांगला निघतो.

२५ जानेवारी

बुश. कोल्हापुरात गनमेटलची चांगली दांडी मिळणं अवघड नाही, फाउंड्र्यांचं गाव आहे. जुने बुश दाबून काढले, हाऊसिंगचा बोअर मोजला, नवे बुश बाहेरून बोअरपेक्षा दोन थाऊ मोठे घेतले. आतून १५ थाऊ माल ठेवला, कारण दाबल्यावर बुश आवळतो आणि आतलं माप कमी होतं.

पहिली जोडी वाया गेली. दोन्ही बुश दाबल्यावर हाताच्या अॅडजस्टेबल रीमरने (भोक मापात आणायच्या हत्याराने) एकेक करून रीम केले. शाफ्ट प्रत्येक बुशात स्वतंत्रपणे सुरेख सरकत होता, दोन्हीतून एकदम घातला की घट्ट. रीमरला पुढे आधार नसल्यामुळे दोन भोकांची मधली रेषा एक नव्हती. अशा वेळी “चालून चालून मोकळं होईल” असं सांगणारे भेटतात. मोकळं होतं, पण बुशाच्या दोन टोकांना झिजून, म्हणजे नवा प्ले तयार करून.

दुसऱ्या जोडीला हाऊसिंग फेसप्लेटवर बांधलं, साइड कव्हरच्या तोंडावर डायल लावून सेंटर केलं आणि दोन्ही बुश एकाच सेटिंगमध्ये बोअर केले. शेवटचे दोन थाऊ सरळ रीमरने. शाफ्टची मोकळीक दीड थाऊ. तेल लावून शाफ्ट उभा धरला तर स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरतो, एवढं हवं. बुशात तेलाची खाच एक, बॉक्सच्या आतल्या तोंडापासून सुरू होणारी आणि बाहेरच्या तोंडाच्या अलीकडे संपणारी. आरपार खाच पाडली तर तेल थेट सीलवर येतं.

मूळ सील बुचाचं. त्याऐवजी बाहेरचा बुश थोडा आखूड ठेवून ओठाचं ऑइल सील बसवलं. लिव्हर शाफ्टवर सीलच्या जागी खाच किंवा गंज असेल तर नवं सीलही गळतं. शाफ्ट नवा असल्यामुळे हा प्रश्न आला नाही.

१ फेब्रुवारी

बॉक्सची जोडणी. वर्म शाफ्टचे बॉल थेट कॅमच्या खांद्यांवर फिरतात, आत वेगळी रेस नाही. वरच्या खांद्यावर डाग होते, खड्डे नव्हते. बाहेरचे कप आणि सगळे बॉल बदलले. जुने-नवे बॉल मिसळायचे नाहीत. नवा बॉल काही मायक्रॉननी मोठा असतो आणि सगळा भार त्याच्यावरच येतो.

क्रम महत्त्वाचा. आधी वर्म शाफ्टचा पुढे-मागे होणारा प्ले, वरच्या कव्हरखालचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करून. या बॉक्सला २, ३ आणि १० थाऊचे शिम येतात. लिव्हर शाफ्ट त्या वेळी बाहेर किंवा स्क्रू पूर्ण ढिला. शाफ्ट हाताने फिरावा, किंचित ओढ जाणवावी, पुढे-मागे अजिबात हलू नये. तीन थाऊचा एक शिम काढला की घट्ट, घातला की ढिला, अशी स्थिती आली. २ थाऊच्या शिमने सुटली.

मग लिव्हर शाफ्ट. या टोकापासून त्या टोकापर्यंतचे एकूण फेरे मोजून बरोबर मध्यावर आणलं. मध्यावरच साइड कव्हरचा स्क्रू हलकी ओढ जाणवेपर्यंत आत घेतला, लॉक नट आवळला आणि पुन्हा टोक ते टोक फिरवून बघितलं. लॉक नट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून नट आवळल्यावरची तपासणी खरी धरायची. कॅमची थोडी झीज राहिल्यामुळे मध्यावर पूर्ण शून्य प्ले मागितला तर वळणावर अडखळतं. व्हीलवर साधारण पाव इंच प्ले सोडला. तो राहील.

तेल ९० नंबरचं गिअर ऑइल, प्लगच्या भोकापर्यंत. कॉलमच्या वरच्या टोकाचा झिजलेला बुश याच वेळी बदलला, दहा मिनिटांचं काम आहे.

२ फेब्रुवारी

बेलक्रँक. तिन्ही इंच प्लेमधला सगळ्यांत मोठा चोर हाच निघाला. पिनेवर एकाच बाजूला नीडल बेअरिंगच्या सुयांच्या रेघा उमटलेल्या, बोटाने मोजता येतील अशा. ग्रीस निपल चिखलाने बंद होतं.

बाजारात किट मिळतं: पिन, दोन नीडल बेअरिंग, वॉशर, सील. विकत घ्यायच्या आधी पिनेचं माप घ्या. जुन्या जीपना पाऊण इंचाची (१९.०५ मिमी) आणि ७/८ इंचाची अशा दोन मापांच्या पिना येतात, आणि दुकानात “जीपचं किट” म्हटलं की जे हाताला लागेल ते देतात.

किटमधली पिन दिसायला झकास, माप बरोबर. टर्नरने टोकावर कानस फिरवली आणि म्हणाला, “पिन मऊ हाय ओ, कानस धरत्या बघा.” खरंच कानसेखाली चांदीसारखा उजळ धातू निघाला. नीडल बेअरिंगच्या सुया थेट पिनेवर फिरतात, म्हणजे पिन हीच आतली रेस. ती मऊ असेल तर सुया खड्डे पाडणारच. कडक पिनेवर कानस नुसती घसरते. ही चाचणी दुकानात, बिल करायच्या आधी करण्यासारखी.

पिन नवीन करायची ठरली. मटेरियल ईएन-३५३, गिअरला वापरतात ते. ग्राइंडिंगसाठी व्यासावर ०.३ मिमी माल ठेवला. हीट ट्रीटमेंटमध्ये पृष्ठभागात कार्बन मुरवून पिन कडक करतात. आट्यांच्या टोकाला मात्र कार्बन चढू द्यायचा नाही, नाहीतर आटे काचेसारखे ठिसूळ होऊन नट आवळताना तुटतात. तिथे कार्बन रोखणारी पेस्ट लावायला सांगितलं, आणि आटे काढायचे ते हीट ट्रीटमेंटनंतर. केस (वरचा कडक थर) ०.८ ते १ मिमी, कडकपणा ५८ ते ६० रॉकवेल सी.

एका पिनेसाठी कुणी भट्टी लावत नाही. दुसऱ्या कुणाच्या गिअरच्या बॅचमध्ये ती जाणार. म्हणजे वाट बघणं. किटमधली बेअरिंग, वॉशर आणि सील चांगली होती, ती ठेवली.

नीडलऐवजी गनमेटलचे बुश घालण्याचा पर्याय अनेक जण निवडतात. चिखल-पाण्यातल्या गाडीला ते वाईट नाही, पण दर धुण्यानंतर ग्रीस मारावं लागतं आणि स्टेअरिंग जड होतं. डिझेल इंजिनामुळे पुढचा भार आधीच जास्त आहे, म्हणून इथे नीडल.

९ फेब्रुवारी

पिन येईपर्यंत किंगपिन उरकले. हब, बॅकिंग प्लेट, स्पिंडल आणि अॅक्सल शाफ्ट जॉइंटसकट बाहेर. वरच्या आणि खालच्या कॅपखालचे शिम वेगवेगळ्या कागदात बांधून त्यावर बाजू लिहिली.

बेअरिंगच्या कपांवर रोलरच्या आडव्या खुणा, सरळ स्थितीत चाक जिथे राहतं नेमक्या तिथे. स्टेअरिंग मध्यावर आल्यावर खाचेत बसल्यासारखं वाटतं ते यामुळे. आणि थरथरीचं मूळही बऱ्याच अंशी इथेच. किंगपिनला ओढ नसली की चाकाचा छोटा हिसका दाबला जात नाही, वाढत जातो.

नंबर: कोन ११५९०, कप ११५२०, दोन्ही बाजूंना मिळून चार जोड्या. नंबर बेअरिंगवर कोरलेला बघून घ्यावा, खोक्यावरचा नव्हे. एका बिननावाच्या खोक्यातलं बेअरिंग हातात फिरवलं तर रोलर पिंजऱ्यात खुळखुळत होते. परत केलं.

नवे कप ठोकताना जुन्या कपाला बाहेरून किंचित घासून त्याचाच ड्रिफ्ट केला. घासला नाही तर तोही आत अडकून बसतो.

प्रीलोड, म्हणजे बेअरिंग किती ओढीने आवळून बसवायचं ते. नकलचं (चाकाबरोबर वळणाऱ्या भागाचं) मोठं सील आणि अॅक्सल शाफ्ट न बसवता फक्त नकल आणि बेअरिंग जोडायचं, टायरॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवायचा आणि आर्मला काटकोनात ओढायचं. मॅन्युअलचं माप १२ ते १६ पौंड, म्हणजे साधारण ५.४ ते ७.३ किलो. नकल हलायला लागते तेव्हाचा झटका वाचायचा नाही, सावकाश फिरत असतानाचा आकडा घ्यायचा. भाजीवाल्याचा दहा किलोचा काटा पुरतो. जुन्या शिमवर नवी बेअरिंग बसवल्यावर उजवीकडे जेमतेम २ किलो आले. शिम ३, ५, १० आणि ३० थाऊचे मिळतात. वरून ३ थाऊ कमी केले तर ४. मग खालूनही ३ कमी केले तेव्हा ६.२. सगळे शिम एकाच बाजूने काढत गेलं तर नकल वर किंवा खाली सरकते आणि आतल्या जॉइंटचं सेंटर बिघडतं. डावीकडे ६.५ वर थांबलं.

शिम काढल्यावर कॅपचे बोल्ट प्रत्येक वेळी पूर्ण आवळूनच मोजायचं. अर्धवट आवळून घेतलेला आकडा कवडीच्या कामाचा नाही.

१६ फेब्रुवारी

ड्रॅग लिंक. आतले सीट, स्प्रिंग आणि स्पेसर कुठल्या क्रमाने निघतात त्याचा फोटो काढूनच पुढे जा. दोन्ही टोकांचा क्रम सारखा नाही आणि तो मुद्दाम तसा आहे: रस्त्याचा धक्का दोन्ही दिशांनी स्प्रिंगवर यावा, थेट बॉक्सवर नाही.

ड्रॉप आर्मचा बॉल व्हर्निअरने दोन दिशांनी मोजला, फरक ०.४ मिमी. अंडाकृती बॉलवर नवे सीट घालून उपयोग नाही. सरळ स्थितीत बरोबर केलं तर वळवल्यावर आवळतं. आर्म नवा घेतला, आतले दाते जुन्या आर्मशी ताडून. बेलक्रँकवरचा बॉल ठीक होता.

टायरॉड एंड चारही बदलले. प्रत्येक रॉडला एक सुलट आट्याचा आणि एक उलट आट्याचा. दुकानातून तीन सुलट आणि एक उलट आले, आणि ते गाडीखाली झोपल्यावर कळलं. खोकी सारखीच दिसतात, आटे दुकानात बघावेत. रॉडच्या आट्यांना ग्रीस लावून दोन्ही टोकं सारख्याच आट्यांनी आत घेतली.

२३ फेब्रुवारी

पिन आली. कडकपणा ५९. ग्राइंडिंग करून २२.२२. नीडल बेअरिंग अक्षरं कोरलेल्या तोंडावरून दाबायची, दुसरं तोंड मऊ असतं आणि दबतं. ग्रीसच्या भोकावर बेअरिंग येऊ नये म्हणून आत किती दाबायचं ते आधी खडूने आखून घेतलं. बेलक्रँक बसवल्यावर वर-खाली प्ले शून्य, फिरायला एका बोटाचा जोर. ग्रीस मारलं, ते दोन्ही सीलमधून बारीक कड सोडून बाहेर आलं. एकाच सीलमधून आलं असतं तर एक भोक बंद आहे असं समजायचं.

१ मार्च

जोडणी. बॉक्स मध्यावर, ड्रॉप आर्म खुणेवर, बेलक्रँक अॅक्सलला काटकोनात. या जीपच्या ड्रॅग लिंकची लांबी कमी-जास्त होत नाही, त्यामुळे तिन्ही एकाच वेळी मध्यावर येत नसतील तर कुठेतरी आर्म एक दाता चुकलेला असतो. टायरॉड फिरवून ते झाकू नये. झाकलं तर बॉक्सची घट्ट जागा सरळ चालीत राहत नाही आणि सगळी मेहनत पाण्यात.

ड्रॅग लिंकचे प्लग: बेलक्रँककडचा पूर्ण आवळून अर्धा आटा मागे, ड्रॉप आर्मकडचा पूर्ण आवळून एक आटा मागे. नव्या स्प्लिट पिना. “अजून थोडं आवळा” हा मोह टाळा. स्प्रिंग पूर्ण दबली की धक्का शोषणारं काही उरत नाही.

२ मार्च

अलाइनमेंट अंगणात. आधी डाव्या बाजूला मागच्या आणि पुढच्या चाकाला लागून सरळ अॅल्युमिनियम चौकोनी पाइप धरला, बेलक्रँक मध्यावर ठेवून डावा टायरॉड फिरवून पुढचं चाक सरळ केलं. मग टो-इन (दोन्ही चाकांची पुढची बाजू किंचित आत वळलेली असणं) उजव्या टायरॉडने. दोन टायरॉडच्या गाडीत हा क्रम उलटा केला तर टो-इन बरोबर येतं आणि स्टेअरिंग व्हील वाकडं.

चाक उचलून फिरवत टायरवर खिळ्याने बारीक रेघ ओढली, गाडी खाली उतरवून दोन मीटर पुढे ढकलली (मागे नाही, मागे घेतली की जॉइंट उलट्या बाजूला बसतात), हबच्या उंचीवर पुढे आणि मागे अंतर मोजलं. मॅन्युअल सांगतं ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे १.२ ते २.४ मिमी. २ मिमीवर ठेवलं.

कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) ३ अंश हवा. किंगपिनच्या कॅपवर डिजिटल अँगल गेज ठेवल्यावर दोन्हीकडे दीड अंशाच्या आसपास. स्प्रिंगचे पाटे बसलेत, भार वाढलाय. पाटा आणि अॅक्सलच्या मधे दीड अंशाच्या पोलादी पाचरी घातल्या. या गाडीत पाटे अॅक्सलच्या खाली आहेत, त्यामुळे जाड बाजू पुढे. पाटे वर असलेल्या गाडीत उलट. अॅल्युमिनियमच्या पाचरी स्वस्त मिळतात, पण यू-बोल्टच्या दाबाने दबतात आणि तडकतात.

८ मार्च

चाचणी. आधी रिकाम्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवून, मग पन्हाळ्याच्या घाटात. व्हीलवरचा एकूण प्ले पाऊण इंच. वळणातून व्हील आपोआप परत येतं. ४५ ला थरथर नाही. ६० ला हलकी कंपनं होती, ती चाकं बॅलन्स केल्यावर गेली. गळीत हंगामामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या, त्यांच्या मागून बाजूला निघताना पूर्वी गाडी खड्ड्याकडे ओढ घ्यायची. ती ओढही गेली.

स्टेअरिंग आधीपेक्षा उभ्या जागी जड आहे. किंगपिनचा प्रीलोड आणि वाढलेला कॅस्टर, दोन्हींमुळे. चालत्या गाडीत जाणवत नाही.

२२ मार्च

पुन्हा तपासणी. यू-बोल्ट चारही थोडे ढिले निघाले, नव्या पाचरी बसल्या की हे होतंच. आवळले. टायरॉडच्या क्लॅम्पांचे बोल्ट ठीक. साइड कव्हरच्या गॅस्केटमधून तेल पाझरतंय, थेंब पडण्याइतकं नाही. कव्हरचं तोंड काचेवर एमरी ठेवून घासायला हवं होतं, ते पुढच्या वेळी. पातळी दर महिन्याला बघायची आणि गळती दिसली तरी ग्रीस भरायचं नाही.

खर्च: लिव्हर शाफ्ट २,८००. बॉल, कप, शिम, गॅस्केट, सील ९००. गनमेटल आणि लेथ, दोन्ही जोड्यांसह १,९००. बेलक्रँक किट १,२५०, त्यातली पिन भंगारात. नवी पिन मटेरियलपासून ग्राइंडिंगपर्यंत १,६००. टायरॉड एंड चार १,९२०. ड्रॅग लिंक किट ६५०, ड्रॉप आर्म १,१००. किंगपिन बेअरिंग २,२००, नकलची सील ४५०. वेल्डिंग १,०००. पाचरी, तेल, ग्रीस, स्प्लिट पिना ८५०. एकूण १६,६२० रुपये, मजुरी आणि चाकांचं बॅलन्सिंग सोडून. वेळ सगळ्यांत जास्त गेला तो पिनेच्या हीट ट्रीटमेंटमध्ये. हे काम काढणाऱ्याने पहिल्याच दिवशी बेलक्रँक खोलावा, पिनेवर कानस लावून बघावी आणि गरज पडली तर ती आधी भट्टीला पाठवून मगच बॉक्सला हात घालावा.